'एन्थ्यूज' लिहावं की टाळावं?

शब्दवेडा: 'एन्थ्यूज' (उत्साह आणणं) हे इंग्रजी क्रियापद अर्जात, प्रबंधात लिहू नये असं माझं मत. 'एन्थूझिॲझम' या नामाची शेपटी छाटून ते केलंय. मूळही अमेरिकी बोलीतलं. 'फिल विथ एन्थूझिॲझम' म्हणायला काय हरकत आहे?

कोशकीटक: शेपटी छाटणं गुन्हा असेल तर 'एडिट', 'डोनेट', 'डायग्नोज' हेही हद्दपार करा, तिघांचं कूळ तेच. आणि अमेरिकी? सर्वांत जुना ज्ञात वापर १८२७ चा, डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिशोधकाच्या पत्रातला. 'डग्लस फर' हा वृक्ष ज्याच्या नावाने ओळखतात तोच.

शब्दवेडा: त्याआधी स्वारी दोनेक वर्षं वायव्य अमेरिकेत होती, तेही सांगा की! शिवाय 'डोनेट' आज कुणाला टोचत नाही, 'एन्थ्यूज' संपादकांना अजून टोचतो. वाचणाऱ्याला टोचलं की अर्ज मागे पडतो. प्रश्न व्युत्पत्तीचा नाहीच.

आडवाटेवरची: मग सुरुवात व्युत्पत्तीने का केलीत? असो. 'एन्थूझिॲझम'च्या मुळाशी ग्रीक 'एन्थेओस' आहे, म्हणजे ज्याच्या आत देव आहे तो. आपल्याकडे 'अंगात येणं', 'वारं येणं' म्हणतात ना, अगदी तेच. म्हणून इंग्रजीतही हा शब्द बराच काळ शिवीसारखा होता. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात 'एन्थूझिॲझम'चा पहिला अर्थ 'देव आपल्याशी खासगीत बोलतो असा पोकळ समज' अशा धर्तीचा आहे. आपला 'उत्साह' मात्र उद् + सह्, म्हणजे नेट धरणं. नाट्यशास्त्रात तो वीररसाचा स्थायी भाव. त्यात देव कुठेच नाही. म्हणून 'एन्थूझिॲझम = उत्साह' हे समीकरण सोयीचं आहे, नेमकं नाही.

कोशकीटक: नेमकेपणाचं म्हणाल तर भाषांतरात खरी चूक वेगळीच होते. क्रियापद दोन प्रकारे चालतं. कर्म असेल ('द कोच एन्थ्यूज्ड द टीम') तर 'प्रशिक्षकाने संघाला हुरूप आणला'. कर्म नसून पुढे 'अबाउट' किंवा 'ओव्हर' असेल ('शी एन्थ्यूज्ड अबाउट द प्ले') तर 'ती नाटकाबद्दल भरभरून बोलली'. इथे 'ती उत्साहित झाली' लिहिलं की बोलण्याचा अर्थच गळतो. वर्तमानपत्री इंग्रजीत अवतरणापुढे 'ही एन्थ्यूज्ड' येतं, तिथेही 'म्हणाला' हे हवंच.

शब्दवेडा: भरभरून बोलणं मान्य, तो शब्द उचलतो. अर्जात मात्र 'एन्थ्यूज' घालणार नाही.