सरासरी वेग शून्य, मग डिझेल कुठं गेलं?

अमळनेरची_आई: राम राम मंडळी, मुलगा नववीला आहे, त्याच्या गणितात बस जळगावहून भुसावळला जाते नि परत जळगावला येते आणि उत्तरात सरासरी वेग शून्य दिलाय, आता बस रस्त्यावर पळाली, डिझेल जळलं, मग शून्य कसा? नुसतं सूत्र नको, त्याला पटेल असं सांगा.

भुसावळकर: ताई, उत्तर बरोबर आहे. जाऊन-येऊन ५० किमी आणि २ तास धरा, सरासरी चाल, म्हणजे एकूण कापलेलं अंतर भागिले वेळ, ताशी २५ किमी, डिझेल जळतं ते या ५० किमीचं. वेग काढताना मात्र निघालो तिथून शेवटी किती लांब आणि कोणत्या दिशेला पोचलो तेवढंच धरतात, म्हणजे विस्थापन, आणि बस तर परत स्टँडवरच आली. पण शून्य आला तो पूर्ण फेरीचा, नशिराबादजवळ बस पळत होती तेव्हा तिला वेग होताच, जाताना पूर्वेकडे, येताना पश्चिमेकडे, हे नक्की सांगा.

धुळेवाला: वळणाचं उदाहरण द्या. बाईकचा काटा ४० वर ठेवून वळलात तर चाल तीच, पण दिशा बदलतेय म्हणजे वेग बदलतोय आणि वेग बदलायला बळ लागतंच, ते टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून मिळतं. वळणावर वाळू सांडलेली असली की ते घर्षण कमी पडतं आणि गाडी वळायच्या ऐवजी बाहेर सरकते. स्पीडोमीटरला यातलं काही कळत नाही, तो चाक किती जोरात फिरतंय तेवढंच सांगतो. पोरांकडून नुसती आकडेमोड करून घेतात, हे कुठं शिकवतात?

केळीवाला_रावेर: वारा ताशी ४० किमीने येणार एवढ्याने आमचं भागत नाही भाऊ, कुठून येणार ते आधी सांगा. उन्हाळ्यात गरम वारं पश्चिमेकडून सुटतं नि केळीची पानं पार चिरून टाकतं, म्हणून त्या अंगाला आणि दक्षिणेला वारा अडवायला शेवरीची झाडं दाट लावतो. नुसत्या पूर्वेला लावून काय उपयोग?

अमळनेरची_आई: वाऱ्याचं त्याला लगेच कळलं! पण बस परत आलीच नाही तर चाल आणि वेग सारखेच ना?

भुसावळकर: रस्ता एकदम सरळ असला आणि बस मधे मागे फिरली नाही तरच. वळणं आली की सरळ रेषेतलं अंतर कमी भरतं, म्हणून सरासरी वेगाचा आकडा चालीपेक्षा कमी येतो, जास्त कधीच नाही. आणि पेपरात वेगाच्या उत्तरात दिशा लिहायला लावा, नुसतं किमी ताशी लिहिलं तर ती चाल झाली.