पुसा डीएसटी भात: खारेपाटात लावावा का?

खारेपाटकर: मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यातली पुसा डीएसटी राईस 1 आपल्या खारेपाटाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, कामाची वाटते. मूळ जात एमटीयू 1010. तिच्यातलं डीएसटी नावाचं एक जनुक क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या कात्रीने, निकामी केलंय. हे जनुक बिघडवलं की पानावरची रंध्रं कमी होतात, पाणी कमी उडतं, आणि रोप कोरड्यात नि खाऱ्यात तग धरतं, असा दावा आहे. बाहेरचं जनुक घातलेलं नाही. माझं मत सरळ आहे, बियाणं मिळालं की लावावं. विरोध करणाऱ्यांनी बीटी-बीटी करू नये, एवढीच विनंती.

भुरा_राता: बीटी नाही, मान्य. पण दादा, अलिबाग-पेणच्या खारात अडचण बियाण्याची कधी होती? उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप गंजलेली, बांध फुटून खांड गेलेली, आणि भरतीचं पाणी शेतात उभं. त्यात कुठलं भात जगतं? रंध्रं कितीही कमी करा. ज्या पैशात बांध होतील तो पैसा प्रयोगशाळेत जातो, मग फोटो येतात.

खारेपाटकर: खांड गेली तर काहीच वाचत नाही, ते मी कुठे नाकारलं? पण बांध शाबूत असतानाही पीक जळतंच की. हस्तात पावसाने ओढ दिली की जमिनीतला खार वर येतो आणि दाणा भरायच्या वेळी लोंबी पांढरी पडते. मी त्या पंधरवड्याबद्दल बोलतोय. तिथे कोरडं आणि खारं एकाच वेळी असतं, आणि या जातीचा दावा नेमका तोच आहे.

भुरा_राता: दावा! जीएम म्हणजे जनुक बदललेल्या पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांनी परिषदेच्याच चाचण्यांच्या अहवालांवर बोट ठेवलंय. परिषदेने आरोप फेटाळले, ठीक. पण दिल्लीने सांगितलं म्हणून खाजणात रोप उभं राहत नाही. काळा राता, भुरा राता या भाताच्या जुन्या जाती याच मातीत टिकलेत. पनवेलच्या खारभूमी केंद्राने पनवेल 1, 2, 3 या खाऱ्या जमिनीच्या जाती काढल्या, त्याही या कात्रीशिवाय. आणि कात्रीवर पेटंटं आहेत. उद्या बियाण्याच्या पिशवीवर रॉयल्टी बसली तर?

कलमवाला_देवगड: पेटंटावर एक भर. कटकच्या भात संशोधन संस्थेने टीएनपीबी नावाचं प्रथिन वापरून वेगळी कात्री बसवली आहे, क्रिस्परमधल्या नेहमीच्या कॅस 9 प्रथिनापेक्षा बरीच लहान. तिचं पेटंट परिषदेकडेच आहे. बाकी आमच्या हापूसच्या साक्यावर, म्हणजे आतला गर खराब होण्याच्या दोषावर, क्रिस्पर कधी, असं विचारू नका. एका पेशीपासून पुन्हा आंब्याचं झाड उभं करणंच कर्मकठीण, आणि साका एका जनुकाचा खेळ दिसत नाही. रत्ना, सिंधू या आंब्याच्या जाती साक्याशिवाय येतात, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं.

पालघरची_सिस्टर: तुम्ही भातावर भांडा, पण सगळ्या कात्र्या एका पोत्यात घालू नका. आमच्याकडे पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं आहेत. त्यावरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, बीसीएल11ए जनुकाचा रक्तपेशींतला स्विच तोडायचा, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. पण पेशी परत घालण्याआधी केमो द्यावी लागते, आणि अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेचा बिरसा 101 हा तसाच उपचार स्वस्तात करू म्हणतो. मी त्याच्या बाजूने आहे, चाचण्या पार पडल्या तर. तोवर या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर मिळाली तरी पुष्कळ.

भुरा_राता: ताई, औषधाला माझा विरोध नाही. तिथे रुग्ण सही करतो आणि बदल त्याच्या रक्तापुरता राहतो. शेतात मात्र मार्च 2022 पासून बाहेरचं जनुक नसलेल्या अशा संपादित पिकांना जैवसुरक्षेच्या मोठ्या परवानगीतूनच सूट दिलीय. म्हणून माझी अट आहे. आधी दोन हंगाम पनवेलला, रात्याच्या शेजारी, हस्तातल्या खाराचं मोजमाप करून लावा, आणि दोन्ही निकाल मराठीत छापा.

खारेपाटकर: मोजमाप हवंच. पण दोन हंगाम मी थांबणार नाही. माझ्या बांधाआडच्या चार गुंठ्यांत लावतो, उरलेल्यात पनवेल 3. बांधाचा अर्ज वेगळा टाकलाय, त्यावर तुमची सही हवी.