सारागढी : मदत का पोचली नाही

सारागढी ही ब्रिटिश राजवटीतली वायव्य सरहद्दीवरची (आज पाकिस्तानात) एक छोटी लष्करी चौकी. तिच्यावर हल्ला झाला तेव्हा लॉकहार्टचा किल्ला एवढा जवळ होता, मग मदत का गेली नाही, असं विचारलं जातं. प्रयत्न झाला होता हो. लॉकहार्टवरून कर्नल हॉटन तुकडी घेऊन बाहेर पडले, पण हजारो आफ्रिदी-ओरकझाई पठाण टोळीवाल्यांपुढे ती परतवावी लागली.

मुळात ती चौकी लढण्यासाठी नव्हतीच. लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे किल्ले एकमेकांना दिसत नसत, म्हणून मधल्या उंचवट्यावरून आरशाने उन्हाची तिरीप पाडून निरोप पोचवायचे. १२ सप्टेंबर १८९७ ला तिथे हवालदार ईशरसिंग धरून ३६ व्या शीख पलटणीचे २१ जण होते. हल्लेखोर भिंतीच्या ज्या कोपऱ्याखाली खणत होते, तो आतून दिसतच नव्हता. गुलिस्तानवरून दिसत होता! तिथून इशारेही झाले, पण आतल्यांचं लक्ष गेलं नाही.

मला राहून राहून आठवतो तो चौकीतला निरोप पाठवणारा शिपाई गुरमुखसिंग. शेवटपर्यंत एकट्याने निरोप पाठवले, मग आरशाचं यंत्र बंद करून बंदूक घ्यायची परवानगी मागितली. मिळाल्यावर यंत्र नीट आवरून कातडी पिशवीत ठेवलं, आणि मग लढायला गेला.