कपाशीत ट्रायकोकार्ड नेमके कधी लावावे? मदत हवी आहे

नमस्कार. परभणी जिल्ह्यात मानवतजवळ आमची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने हाताशी आलेली बोंडे आतून पोखरली, आणि तेव्हापासून फवारणीचा खर्च वाढत गेला, तरी अळी हटली नाही. एकदा ती बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

त्यामुळे गेल्या वर्षी दोन एकरांवर ट्रायकोकार्डे लावून पाहिली. कार्डावर तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांतून बाहेर पडणारी ट्रायकोग्रामा ही अगदी बारीक गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालते, म्हणजे अळी जन्मायच्या आधीच संपते. मला हा उपाय मनापासून पटला आहे. तरीही आमच्याकडे फरक जेमतेमच दिसला. पहिल्या खेपेची काही कार्डे मुंग्यांनी साफ केली, आणि दुसऱ्या खेपेच्या तिसऱ्याच दिवशी शेजारच्या शेतात फवारणी झाली.

माझी मुख्य अडचण वेळेची आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय करावा, असे सांगितले जाते. फवारणीसाठी ते ठीक असेल. परंतु ट्रायकोग्रामा फक्त अंड्यांवर चालते आणि अंडी तीन ते पाच दिवसांत उबतात, म्हणून तोवर थांबणे मला धोक्याचे वाटते. पहिला पतंग दिसताच कार्डे लावून पुढे दर आठ-दहा दिवसांनी लावत राहावीत का? पाती (फुलाआधीच्या कळ्या) लागण्याच्या वेळी सुरुवात करणे अधिक बरे का? शिवाय ही अळी पात्यांच्या आणि बोंडांच्या खाचाखोचांत अंडी घालते, तिथपर्यंत ही माशी पोहोचते का?

सध्या आई रोज सकाळी डोमकळ्या (अळी आत असल्याने नीट न उमललेली फुले) वेचून ओट्यात भरून आणते आणि बांधावर जाळते. त्याचा उपयोग होतो, पण चार एकर तिच्या एकटीच्या आवाक्यातले नाहीत.

परभणीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाशी ज्यांचा संबंध आहे, किंवा ज्यांनी स्वतः कोरडवाहू रानात हा प्रयोग केला आहे, त्यांनी कृपया तारीख, कार्डांची संख्या आणि मुंग्यांपासून बचाव याविषयी सविस्तर लिहावे. शेजाऱ्याने फवारल्यानंतर किती दिवस थांबून पुन्हा कार्डे लावावीत, हेही कळवावे. आमच्याकडे पाती लागायला आता पंधरा दिवसही उरलेले नाहीत.