मदत हवी आहे: धरणाच्या पायथ्यातून पानी येऊन रायलं, कसं बंद करू?

कापूसवाला_यवतमाळ (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०
राम राम मंडळी. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचं लहान धरण आहे, पूर अडवायसाठी बांधलेलं. त्याच्या खालतं माझं तीन एकर वावर. मागच्या पावसापासून पाळीच्या पायथ्यातून पानी येऊन रायलं, पऱ्हाटी पिवळी पडली. सिमेंट ओतू का पोत्यात काळी माती भरून दाबू? लवकर सांगा, परत पाऊस सांगितला आहे. ऑफिसात दोनदा जाऊन आलो, साहेब मीटिंगमध्ये.

निवृत्त_उपअभियंता | ९:५८
आधी एक, काहीही दाबू नका. आता सांगा: पाणी नितळ आहे की गढूळ? पाझर नेमका कुठे, विमोचकाच्या (पाणी सोडायच्या गेटच्या) पाइपाजवळ, जुन्या नाल्याच्या पात्रात की कडेला? सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, वाहतोय का? धरण जिल्हा परिषदेचं की मृद व जलसंधारणाचं? आणि उंची किती?

शेततळं_एक्सपर्ट | १०:०५
भाऊ, आतून ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा. माझ्या शेततळ्यात सहा वर्षं झाली, थेंब गळत नाही.

पांदण_रस्ता | १०:०७
भरलेल्या धरणात कागद कोण अंथरणार? तुम्ही बुडी मारता का?

कापूसवाला_यवतमाळ | १०:२०
पानी पानीच आहे, त्याचा रंग काय पाहाचा. जुना नाला होता तिथून येते. धरण सरकारचं. कोणत्या सरकारचं ते माहीत नाई. मले फक्त बंद करायचा उपाय सांगा ना.

निवृत्त_उपअभियंता | १०:३१
रंगच पाहायचा असतो. मातीचं धरण थोडं पाझरतंच, पायथ्याचा दगडी टो, म्हणजे माती अडवून पाणी गाळणारा दगडांचा भराव, त्याचसाठी असतो. नितळ पाणी सारखं येत असेल तर वही घेऊन बसायचं. गढूळ असेल तर पाण्याबरोबर धरणाची माती बाहेर येतेय. सकाळी बिसलेरीची रिकामी बाटली भरा, तासभर न हलवता ठेवा, तळ पाहा. आणि १५ लिटरची बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर मोजा. धरणातल्या पाण्याची पातळीही लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १०:४०
खेकडे असतील. मंत्र्यानंच सांगतलं होतं.

सांडवा_७२ | १०:५२
तो तिवऱ्याचा विनोद पुरे झाला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली आणि खापर खेकड्यांवर फोडलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

वऱ्हाडी_ठेचा | १०:५५
बिळं पाडतेतच ना पण? आमच्याकडे घुशीनं अख्खा बांध पोखरला.

सांडवा_७२ | ११:०२
घूस मान्य. बाभळीचं मूळ कुजून राहिलेली पोकळीही मान्य. पण पाळीवर फिरून बिळं बुजवायला आणि झुडपं काढायला माणूस कोणी नेमायचा, खेकड्यानं?

विहीर_अनुदान_माहिती | ११:१०
विहिरीच्या अनुदानासाठी सातबारा, आठ-अ आणि आधार लागतं. अर्ज ऑनलाइन.

पांदण_रस्ता | ११:११
विहिरीचं विचारलं कोणी?

गोंदियाकर | ११:३०
आमच्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (जमीनदारीच्या काळचे) तलाव पाहा. कोहळी लोकांनी मशीन नसताना बांधले, अजून उभे आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ चोपायचं, गाळ काढायचं गावाच्या अंगवळणी होतं ते सुटलं. आता गाळ काढतात तोही जेसीबीनं, थेट पाळीच्या पोटाशी जाऊन.

कापूसवाला_यवतमाळ | सोमवार, सकाळी ७:४५
बाटली भरली. वरतं चहासारखं, खालतं बोटाच्या पेराएवढा गाळ. बादली ५० सेकंदात भरली. अजून एक, एका जागी पानी उकळल्यासारखं वर येते, भोवताल बारीक रेतीचं गोल वारूळ झालं, ताटाएवढं. कालही होतं, मले वाटलं मुंग्यायचं आहे.

निवृत्त_उपअभियंता | ७:५२
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता पऱ्हाटी विसरा. पाणी पायाखालची बारीक माती धुऊन आणतंय आणि ती पोकळी खालून वर, धरणाकडे सरकत जाते. तोंड सिमेंटनं बंद केलंत तर पाणी दुसरीकडून फुटेल, आणि ती जागा तुम्हाला दिसणार नाही.
पाणी येऊ द्या, माती अडवा. त्या वारुळावर आधी जाड स्वच्छ रेतीचा थर, वर बारीक गिट्टी, मग मोठी गिट्टी, मग दगड. उलटा फिल्टर म्हणतात. रेती उडून जात असेल तर भोवती पोत्यांचं कडं करा, आत पाणी थोडं चढेल आणि जोर कमी होईल. हे हातानं करा, पाळीवर ट्रॅक्टर घालू नका.
त्याआधी १०७७ वर फोन. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष आहे. तलाठी, पोलीस पाटील, सरपंच तिघांना कळवा. नाल्याकाठच्या घरांतली माणसं आज रात्री शाळेत झोपवा. सांडव्याचं सांगितलं नाहीत, उंचीचंही नाही.

आरटीआय_योद्धा | ८:१५
धरण सुरक्षा कायदा २०२१ लागू आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक. माहितीचा अर्ज टाका, सगळे सरळ होतील.

सांडवा_७२ | ८:२६
माहिती ३० दिवसांत मिळते, पाऊस उद्या आहे. आणि कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना. १० ते १५ मध्ये असेल तर लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर किंवा तसलीच दुसरी एखादी अट बसावी लागते. हे बसतं का?

आरटीआय_योद्धा | ८:३१
बसत असेल. तुम्ही का नाही म्हणता?

सांडवा_७२ | ८:३३
मी नाही म्हणत नाही. उंची माहीत नाही, एवढंच म्हणतो.

कापूसवाला_यवतमाळ | दुपारी १:१०
रेती-गिट्टी टाकून रायलो, पंधरा पोरं आहेत. सांडव्यात मच्छीवाल्यायची जाळी आहे, मासे जाऊ नये म्हणून. तिले काडीकचरा अडकून पानी दोन फूट वर चढलं होतं. आता कापली. तेवढ्यावरून भांडण झालं.

भोई_पोरगा | १:२५
मच्छीवाल्यांवर टाकणं सोपं आहे. बीज आम्ही पैसे भरून सोडतो. पण पावसाळ्यात जाळीचा कचरा रोज काढायला पाहिजे होता, हे खरं.

निवृत्त_उपअभियंता | १:४०
जाळी कापली ते उत्तम. गेट चालतं का? खात्याचा माणूस आला की उघडून घ्या, पण एका रात्रीत रिकामं करायला जाऊ नका. पाणी झपाट्यानं उतरलं की पिचिंगची (आतल्या दगडी अस्तराची) ओली बाजू आत घसरते. आणि मला एक कळत नाही. नाल्याच्या पात्रात टो असतो, मग माती थेट बाहेर कशी? पायथ्याशी कोणी खोदलं होतं का?

कापूसवाला_यवतमाळ | २:३५
थोडंसं.

निवृत्त_उपअभियंता | २:३६
किती थोडंसं?

कापूसवाला_यवतमाळ | २:५०
उन्हाळ्यात चर काढला होता, वावर चिबाड राहते, पानी साचून ओलं, म्हणून. चार फूट खोल. जेसीबी गावात आलाच होता, दीड तासाचं काम. खालतं दगड लागले ते काढून धुऱ्यावर टाकले.

पांदण_रस्ता | २:५२
टो काढून धुऱ्यावर टाकला. वा रे गड्या.

निवृत्त_उपअभियंता | ३:०५
रागावत नाही, चिबाडीनं माणूस वैतागतो. पण पायथ्याचं वजन आणि गाळणी दोन्ही गेली आणि पाण्याची वाट आखूड झाली. तेच धुऱ्यावरचे दगड आता शेवटच्या थराला वापरा. चर मातीनं बुजवू नका, त्यातही रेती, गिट्टी, दगड याच क्रमानं. आणि साहेब येतील त्यांना हे स्वतः सांगा.

कापूसवाला_यवतमाळ | मंगळवार, सकाळी ८:२०
रात्री पाऊस झाला. बारा घरं शाळेत होती, मी पाळीवर. जाळी नसल्यानं सांडवा मोकळा वाहिला, पातळी वाढली नाई. पण सकाळी बादली ३५ सेकंदात भरली. पानी नितळ आहे. चांगलं का वाईट?

निवृत्त_उपअभियंता | ८:२८
नितळ चांगलं. पातळी तीच असून ३५ सेकंद, हे चांगलं नाही. दर दोन तासांनी बाटली आणि बादली. पाळीच्या माथ्यावर खुंट्या एका ओळीत ठोका, एका टोकाला बसून पाहा. एखादी खाली बसली किंवा ओळीबाहेर गेली तर फोन करायचा आणि पाळीवरून उतरायचं.

शेततळं_एक्सपर्ट | ९:००
कागदाचा विचार केला का?

कापूसवाला_यवतमाळ | गुरुवार, संध्याकाळी ६:१५
काल साहेब आले. चराचं सांगितलं, तर पहिले दहा मिनिटं माझीच पूजा झाली. मग गेटचा स्क्रू जाम निघाला, डिझेल ओतून दोन माणसं लावून फिरवला. पानी आतापर्यंत दोन फूट उतरलं. टो पोळ्यानंतर नवीन करतो म्हणाले, लिहून घेतलं. आज बादली ८० सेकंद, बाटलीच्या तळाशी काई नाई. वारुळावरची रेती जागची हलली नाई.

गवंड्याची लेव्हलची नळी घेऊन टप्प्याटप्प्यानं उंचीपण मोजली. ८ मीटर २०.

सांडवा_७२ | ६:२२
घ्या. म्हणजे कायद्यात बसतच नाही.

आरटीआय_योद्धा | ६:२५
अर्ज तरी टाकाच.

निवृत्त_उपअभियंता | ६:४०
८.२० नळीनं आलं असेल तर सांडव्याच्या पातळीपासून माथा किती वर आहे तेही त्याच नळीनं मोजा. उद्याची बादली कळवा.