पेलेट शेगडीखालच्या टाइल तडकल्या. आता खाली काय घालावे?

महालकर:
नमस्कार. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि मागच्या उघड्या सज्जात डब्यांच्या स्वयंपाकासाठी पंख्याची पेलेट शेगडी (भुसा, काड्या दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारी) वापरतो. तिच्याखाली सिमेंटचा जुना पत्रा आणि त्यावर व्हिट्रिफाइड टाइल आहेत. दोन टाइल आरपार तडकल्या आहेत, तिसरीवर टिचकी मारली की बोदा आवाज येतो आणि शेगडी विझवून दोन तास झाले तरी तिथे तळहात टेकवत नाही. गवंडी 18 मिलिमीटरचा ग्रॅनाइट टाकू म्हणतात. तो टिकेल का?

भट्टीवाला:
पडलेल्या निखाऱ्यापासून ग्रॅनाइट जमीन वाचवील, पण उष्णता अडवणार नाही; ती थोडी उशिरा का होईना, खाली पोहोचेलच. शिवाय एकाच जागी तापणारा आणि कडेला गार राहणारा दगड असमान फुगतो व चिरतो. फायर ब्रिकचा, म्हणजे भट्टीच्या उष्णता सोसणाऱ्या विटेचा, विचार मनात येईल, परंतु 230 × 115 × 75 मिलिमीटरची एक भरीव वीट साधारण चार किलोची असते, आणि तीन फूट बाय तीन फूट जागेला अशा तीसेक विटा, म्हणजे सव्वाशे किलोंच्या आसपास वजन, लागते. वाड्याची जमीन म्हणून विचारतो: टाइलच्या खाली नेमके काय आहे?

धरमपेठकर:
विटांआधी त्या पत्र्याकडे पाहा. जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तो फोडू किंवा कापू नये. पाणी शिंपडून अखंड उचलावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि कोरडा झाडू मुळीच मारू नये.

महालकर:
पत्रा ओला करून अखंड काढला. खाली सागवानी फळ्या निघाल्या आणि शेगडीच्या बरोबर खालची फळी ताटाएवढी काळी पडली आहे. नखाने खरवडली तर भुगा निघतो.

भट्टीवाला:
मग शेगडी आजच बंद करा. सतत तापत राहिलेले लाकूड आतून करपत जाते आणि पुढे नेहमीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकते, त्यामुळे ती फळी झाकून चालणार नाही, बदलावीच लागेल. नव्या फळ्यांवर 25 मिलिमीटरचा सिरॅमिक फायबर बोर्ड (उष्णता अडवणारी हलकी पाटी), त्यावर जाड लोखंडी पत्रा आणि त्यावर लोखंडी घोडी (पायांचा स्टँड) ठेवून तिच्यावर शेगडी मांडावी. घोडीखाली निदान चार इंच मोकळी हवा खेळू द्यावी. खरे काम ती हवाच करते. पत्रा शेगडीच्या पुढे दीड फूट तरी यावा, कारण राख ओढताना निखारे तिकडेच सांडतात. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, पेलेट वापरत असाल तर लाकडी भुशाच्या पेलेटपेक्षा राख जास्त निघते, तेव्हा ती रोज काढा.

महालकर:
पऱ्हाटीचेच वापरतो. घोडीमुळे शेगडी उंच होऊन मोठ्या पातेल्यात पळी फिरवताना आईचा हात अवघडेल, म्हणून तिच्यासाठी समोर पाट टाकू. फळी बसेपर्यंत डबे गॅसवर.