मदत हवी आहे: अरबी घोडी दुसऱ्याच्या हातून चंदी (दाणा) खात नाही

गोव्यात डिचोलीजवळ आमची कुमैत रंगाची अरबी घोडी आहे, वय 9, चार वर्षांपासून माझ्याकडे. पुढच्या महिन्यात मला कामासाठी सहा आठवडे पुण्याला जायचंय. तिला सोबत नेणं शक्य नाही, विकायची तर नाहीच.

अडचण अशी की मी नसले की ती तोबऱ्याला तोंड लावत नाही. गेल्या महिन्यात दोन दिवस बाहेर होते तर जेमतेम मूठभर गवत खाल्लं, पाणीही कमी प्यायली. पोटशूळाची भीती वाटते. संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की कान टवकारून फाटकाकडे बघत उभी, कारण मी त्याच वेळेला घरी येते. बेदुइन लोक घोडीला तंबूत घेऊन झोपायचे म्हणतात, ते आता पटतं!

डॉक्टरांनी दात, ताप (38 अंश), जंत सगळं तपासलं, ठीक आहे. मोतद्दार (घोडीची देखभाल करणारा) नवा पण शांत स्वभावाचा. खरारा त्याच्याकडून निमूट करून घेते, खाण्याचं मात्र अडतंच. माझा जुना शर्ट गव्हाणीवर टांगला, तर तोच चघळला. शेजारची शेळी सोबतीला बांधली, तिने चंदी फस्त केली.

दुसरा घोडा परवडणारा नाही, गुंगीचं औषध नको.

हातात पाच आठवडे आहेत. चंदी आत्ताच पूर्णपणे मोतद्दाराकडे सोपवून मी बाजूला व्हावं, की आधी दोघांनी मिळून द्यावी आणि मग मी हळूहळू दूर सरकावं? कुणी केलंय का असं, किती दिवस लागले?